बिनपगारी ऑपरेटर

ओरेलिया दुमलाओ एकवीस वर्षांची असताना तळावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. त्या परीक्षेला अकराशे जण बसले होते आणि जागा होत्या नऊ. निकाल लागला त्या संध्याकाळपासून तिच्या बापाला न्हाव्याच्या दुकानात बसायला खुर्ची मिळायला लागली. तळाच्या फाटकाबाहेरच्या ओलोंगापो शहरात तेव्हा माणसाची किंमत अशीच ठरायची. ज्याचा पगार अमेरिकन आरमाराकडून यायचा तो वेगळा, आणि शिंपी, जीपनीतून प्रवासी नेणारे, धोबिणी, खोल्या भाड्यानं देणारे, बारवाले, फार काय चर्चचा पाद्रीसुद्धा, हे सगळे त्या पगारावर जगणारे. एक आड एक शुक्रवारी तळावर पगार व्हायचा. त्या दिवशी मासळीबाजारात बायका मोठे मासे पुढे मांडायच्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच टोपल्यांत खारवलेली बारकी मासळी दिसायची.

ओरेलियाचा पहिलाच पगार शाळेच्या मुख्याध्यापिकेपेक्षा जास्त होता. याच बाईंनी तिला सहावीत गणितात नापास केलं होतं. एका रविवारी चर्चबाहेर त्यांनीच तिला गाठलं आणि इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "तळावर अजून कुणाला घेतायत का गं?"

त्या पगारावर भाऊ इंजिनिअर झाला आणि कॅनडात गेला. धाकटी फे नर्स झाली आणि शिकागोला गेली. पत्र्याच्या घराच्या जागी सिमेंटचं घर उभं राहिलं, वर आणखी दोन खोल्या चढल्या. मग बाप गेला, पाठोपाठ आई गेली. घरात पगार एक आणि खाणारी तोंडं पाच होती तोवर ओरेलियाच्या लग्नाचा विषय कुणी काढला नव्हता, आणि तोंडं कमी झाली तेव्हा विषय काढणारंही कुणी उरलं नव्हतं. ती स्वतः काही बोलणारी नव्हती. दिवसभर बोर्डावर बोलून घरी आलं की तिला गप्प बसायला बरं वाटायचं.

बोर्डावर तिला सेगुंदो ताबिओस भेटला. भेटला म्हणजे त्याचा आवाज भेटला. सेगुंदो लाइनमन होता. रोज सकाळी साडेसातला तो कुठल्यातरी खांबावर चढून तार तपासायचा आणि खालून एक्स्चेंजमधून ओरेलियानं ती तपासून द्यायची. तिच्याहून दोन वर्षांनी लहान, तिच्यासारखाच घरी इलोकानो बोलणारा, त्यामुळे तिला मनांग म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

"मनांग, चौदा नंबर देतोय. ऐकू येतंय?"

"येतंय. घोगरा आहे. तू का तार?"

"मी. बायकोनं पंखा माझ्याकडे लावला रात्रभर. आणि मनांग, इथे खांबावर एक माकड बसलंय. त्याला तुमच्याशी बोलायचं म्हणतंय."

"दे त्याच्याकडे. तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलेल."

अशी सतरा वर्षं गेली. नाताळच्या जेवणाला दोघं समोरासमोर यायची, तेव्हा मात्र बोलायला काही सापडायचं नाही. सेगुंदो बायकोला, लिगायाला, पुढे करायचा, ओरेलिया तिच्या झग्याचं कौतुक करायची, आणि तिघंही प्लेटमधल्या शेवयांकडे बघत उभी राहायची.

मग पिनातुबो ज्वालामुखी फुटला, छपरांवर राख साचून घरं बसली. त्याच वर्षी तळाच्या कराराचं फिसकटलं आणि अमेरिकन जाणार हे ठरलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात शेवटचं जहाज धक्क्यावरून सुटलं. त्या वर्षभरात ओलोंगापोतली माणसं हातातून तांदूळ सांडावेत तशी पांगली. वेल्डर ग्वामला गेले, क्रेनवाले सिंगापूरला, पोरी हाँगकाँगला भांडी घासायला. सेगुंदो सौदीला गेल्याचं ओरेलियाला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. शेवटच्या आठवड्यात बोर्डावर इतकी धावपळ होती की सकाळच्या तपासणीला वेगळाच माणूस येत होता. निरोपाचं बोलणं राहूनच गेलं.

ओरेलिया पंचेचाळिशीची होती. एक्स्चेंजमधल्या बोर्डावर बोट फिरवण्याखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि तसा बोर्ड सबंध सांबालेस प्रांतात दुसरा नव्हता. फेनं शिकागोहून फोन करून सांगितलं, "इकडे ये. पोरांना सांभाळ. तिथे काय आहे आता?" ओरेलिया म्हणाली, बघते. आणि दुसऱ्या दिवशी स्वयंसेवकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तळ रिकामा ठेवला तर लोक दरवाजेखिडक्यासुद्धा उचलून नेतील, म्हणून शहरानं तो सांभाळायला माणसं मागितली होती. पगार नव्हता. दुपारी भाताची पेज मिळायची, कधी महिन्याकाठी थोडे तांदूळ. मिळायचा तो एक नंबर. पुढेमागे इथे कंपन्या येतील, तेव्हा यादीतल्या माणसांना आधी घेतील, एवढंच आश्वासन होतं. तेवढ्यावर हजारोंनी माणसं आली. जे काल ताशी पगारावर गवत कापत होते तेच आता फुकट कापत होते, आणि घड्याळ बघून कापत होते. शेजारीण म्हणाली, "ओरेलिया, पगार घेऊन तू कधी रविवारी गेली नाहीस. आता फुकटात सातही दिवस?" ओरेलिया हसली. पहाटे उठून, केस विंचरून, गणवेशाच्या जुन्या निळ्या स्कर्टला इस्त्री करून बाहेर पडायला कुठलीतरी जागा हवी, हे तिला शेजारणीला सांगता आलं नाही.

एक्स्चेंजमधली मोठी नवी यंत्रं अमेरिकनांनी सोबत नेली होती. मागे राहिला तो अडगळीतला जुना बोर्ड. त्यावर चाळीसएक फोन चालू होते: फाटक, इस्पितळ, अग्निशमन, वीजघर, पाण्याचे पंप. पूर्वी इथे एका पाळीला बावीस बायका बसायच्या. आता लांबलचक दालनात ओरेलिया एकटी, आणि दुपारी जेवायला अर्धा तास तिच्या जागी बसणारी एक म्हातारी नन. दिवसाकाठी वीस-पंचवीस कॉल. दोन कॉलांच्या मधे छताचा पंखा कुरकुरायचा तेवढाच आवाज. कधी कधी ओरेलिया घसा साफ करून "एक्स्चेंज" असं उगीचच म्हणून बघायची.

वेळ जावा म्हणून ती रोज सकाळी मेलेल्या लाइनीसुद्धा तपासायची. फोन काढून नेलेला असला तरी तार शाबूत असेल तर बोर्डावर बारीक खरखर ऐकू येते. तार तुटली असेल तर काहीच नाही. फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं की दारूगोळ्याच्या टेकडीकडे जाणाऱ्या केबलमधल्या सहा तारा मुक्या झाल्यात. पुढच्या सोमवारी आणखी आठ. त्याच्या पुढच्या सोमवारी दहा. तांबं चोरीला जात होतं यात नवल नव्हतं, अर्धं शहर भंगारावर जगत होतं. नवल हे होतं की त्याच केबलमधल्या दोन चालू लाइनी, एक वणव्यावर नजर ठेवणाऱ्या मनोऱ्याची आणि एक पाण्याच्या पंपाची, रोज सकाळी स्वच्छ बोलत होत्या. चोर कुऱ्हाडीनं केबल तोडतो तेव्हा चालू आणि बंद असं बघत नाही. इथे कुणीतरी केबल सोलून, तारांच्या शंभर जोड्यांमधल्या मेलेल्या तेवढ्या वेचून काढत होतं.

स्वयंसेवकांच्या त्या भागाचे प्रमुख होते कियांबाओ. तळाच्या अग्निशमन दलात तीस वर्षं काढलेले, अजूनही सगळे त्यांना कॅप्टनच म्हणायचे. ते दर शनिवारी विचारायला यायचे.

"मिस दुमलाओ, लाइनी ठीक?"

"चालू आहेत त्या सगळ्या ठीक आहेत, कॅप्टन."

हे खोटं नव्हतं. पण ते गेल्यावर ओरेलियाचे कान गरम झाले.

बुधवारी ननला बोर्डावर बसवून ती दुपारी टेकडीकडे चालत निघाली. मार्चचं ऊन होतं. रस्त्याच्या कडेला राखेचे ढीग अजून तसेच होते आणि त्यांवर गवत उगवलं होतं. जंगल सुरू होतं तिथे केबलची जोडपेटी होती. झाकण नीट बसवलेलं. तिनं ते उचललं. आत दोन चालू जोड्या वेगळ्या काढून मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधल्या होत्या, आणि गाठी डावीकडे वळलेल्या होत्या. अशी जोडकामं तिनं फोटोत पाहिली होती, तळाच्या मासिकात एकदा छापून आली होती. डावखुऱ्या लाइनमनचा फोटो होता तो.

"मनांग, तिथे हात लावू नका. चालू लाइन आहे."

मागून आवाज आला. वळून बघायच्या आधीच तो कुणाचा हे तिला कळलं. वळल्यावर मात्र खात्री करायला क्षणभर लागला, कारण सेगुंदो वाळून काडी झाला होता आणि दाढी वाढली होती.

"तू सौदीत आहेस," ती म्हणाली.

"सगळ्यांना तसंच वाटतंय. वाटू द्या."

तो पंपाच्या जुन्या खोलीत राहत होता. आत एक पथारी, एक पातेलं, बागुओंगची, आंबवलेल्या मासळीच्या चटणीची, बाटली. बसायला त्यानं तिला पालथी बादली दिली. नोकरी सुटताना मिळालेली सगळी रक्कम त्यानं मनिलातल्या एका एजंटला सौदीच्या नोकरीसाठी दिली होती. ठरल्या दिवशी विमानतळावर त्याच्यासारखे चौदा जण बॅगा घेऊन उभे होते, आणि एजंटाच्या ऑफिसात फक्त टेबल उरलं होतं.

"घरी का नाही गेलास?"

"कुठल्या तोंडानं जाऊ? लिगायानं आख्ख्या आळीला जेवण घातलं होतं. तिच्या आईनं मला निरोप देताना माझ्या खिशात देवाची तसबीर घातली. अजून आहे." तो खाली बघत म्हणाला. "ती आता ईबा गावी आईकडे राहते. मी दर महिन्याला पैसे पाठवतो. तांब्याचे. तिला वाटतं रियाल बदलून येतात."

"आणि पत्रं?"

"मला लिहायचा कंटाळा आहे हे तिला आधीपासून माहीत आहे. ते एक बरं झालं."

ओरेलियाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. मग ती म्हणाली, "यादीत नाव घाल. लाइनमन एकही उरलेला नाही."

"पगार?"

"नाही."

"मनांग, तुमचं घर तुमचं आहे. फे डॉलर पाठवत असेल. मी फुकट खांबावर चढलो तर लिगायाला काय पाठवू? पेज?"

सतरा वर्षं रोज बोललेली दोन माणसं, आणि समोरासमोर बसल्यावर पुन्हा तेच झालं, शब्द संपले. दोघांनी बाहेरच्या झाडाकडे पाहिलं. निघताना ती म्हणाली, "मनोऱ्याची आणि पंपाची लाइन सोडलीस ते चांगलं केलंस."

"ती तोडली तर लोक जळतील," तो म्हणाला. "मी चोर आहे, वेडा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोर्डावर टेकडीच्या बंद लाइनींपैकी एकीचा दिवा लागला. ओरेलियानं प्लग घातला.

"मनांग, सत्याण्णव नंबर देतोय. ऐकू येतंय?"

पंख्याखालच्या त्या लांब दालनात दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं खुर्ची बोर्डाच्या आणखी जवळ ओढली.

"येतंय," ती म्हणाली. "घोगरा आहे."

पुढचे पाच आठवडे रोज तो दिवा लागला. कधी दहा मिनिटं, कधी तास. तो सांगायचा की काल रात्री रानडुक्कर खोलीला अंग घासून गेलं. ती सांगायची की शेजारणीच्या पोरीला तैवानी कारखान्यात घेणार होते, पण ती तेवीस वर्षांची निघाली आणि त्यांना बावीसपर्यंतच्या हव्या होत्या. तारेवर दोघांना सगळं बोलता यायचं. एकदा तिनं विचारलं की सतरा वर्षांत एकदाही तो एक्स्चेंजमध्ये चहाला का आला नाही. तो म्हणाला, "बावीस बायका बसायच्या तिथे. त्यांतल्या तुम्ही कोण हे आवाज ऐकल्याशिवाय मला ओळखू आलं नसतं, आणि सगळ्यांदेखत तुम्हाला बोलायला लावणं बरं दिसलं नसतं." त्या दिवशी घरी जाताना ओरेलियानं बाजारातून भाज्या घेतल्या आणि कित्येक महिन्यांनी चार माणसांचं पिनाकबेत शिजवलं. अर्धं डब्यात घालून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे ठेवून आली.

तांबं तो काढतच होता. ती त्याला थांब म्हणाली नाही. शनिवारी कॅप्टन यायचे, लाइनी ठीक का विचारायचे, आणि ती ठीक म्हणायची. तिचे कान आता गरम होत नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ती कामावर आली तेव्हा अर्धा बोर्ड मुका होता. इस्पितळ नाही, अग्निशमन नाही, वीजघर नाही. पुलाखालची सहाशे जोड्यांची मोठी केबल कुणीतरी कुऱ्हाडीनं दोन ठिकाणी तोडली होती आणि मधला बारा हातांचा तुकडा नेला होता. दुपारी इस्पितळामागच्या वाळक्या गवतानं पेट घेतला. निरोप द्यायला एक नर्स सायकल मारत अग्निशमनापर्यंत गेली. आग विझली, पण विझवताना दोन स्वयंसेवकांचे हात भाजले. त्यांतली एक बाई दोन पोरांची आई होती आणि धुणीभांडी करून घर चालवत होती. आता दोन महिने तिला तेही करता येणार नव्हतं.

कॅप्टन कियांबाओ एक्स्चेंजमध्ये आले. त्यांच्या शर्टाला धुराचा वास होता.

"केबल जोडणारा कुणी माहीत आहे? मी सगळ्या याद्या पाहिल्या. ग्वाम, जेद्दा, ग्वाम, एक वारला. ताबिओस म्हणून होता, तो सौदीत."

ओरेलिया म्हणाली, "उद्या सकाळी सांगते."

त्या संध्याकाळी ती पुन्हा टेकडीवर गेली. सेगुंदोनं सगळं ऐकून घेतलं.

"मी नाही तोडली ती," तो म्हणाला.

"माहीत आहे. तू तोडली असतीस तर बोर्ड बोलत राहिला असता."

"खाली आलो तर विचारतील कुठे होतास."

"विचारतील."

"लिगायाला कळेल."

"हो."

त्यानं पातेल्यातलं पाणी उगीच एकदा ओतून पुन्हा भरलं. "बाईचे हात फार भाजलेत?" त्यानं विचारलं. ओरेलियानं सांगितलं. मग तो हत्यारांची पिशवी शोधू लागला.

दोन दिवस लागले. गोदामातून जुन्या केबलचा तुकडा आणून तो मधे जोडायचा होता, आणि कागदात गुंडाळलेल्या तारांचे रंग पाण्यानं गेले होते. कुठली जोडी कुठली हे एकेक तपासूनच कळणार होतं. सेगुंदो पुलाखाली चिखलात गुडघे रोवून बसला आणि ओरेलिया बोर्डावर.

"ही?"

"नाही."

"ही?"

"नाही. पुढची."

"ही?"

"मिळाली. इस्पितळ, तातडीचा विभाग."

दुपारी ननने तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठली नाही. पेज बोर्डाशेजारीच थंड झाली. त्या दोन दिवसांत ते इतर काहीच बोलले नाहीत. पुढे तिला जेव्हा त्या उन्हाळ्याची आठवण यायची तेव्हा पाच आठवड्यांच्या गप्पा आठवायच्या नाहीत, हे दोन दिवस आठवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅप्टन कियांबाओ पंपाची लाइन तपासायला टेकडीवर जाऊन आले होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. परत आल्यावर ते काम संपेपर्यंत पुलावर हाताची घडी घालून उभे राहिले. शेवटची जोडी लागली, सेगुंदोनं मेणाच्या दोऱ्याची गाठ मारली, तेव्हा ते खाली उतरले.

"डावखुरा आहेस," ते म्हणाले.

"हो, कॅप्टन."

"टेकडीवरच्या गाठी तुझ्याच."

"माझ्याच."

कॅप्टननी खिशातून रुमाल काढून त्याला हात पुसायला दिला. "पोलिसांना मी बोलावत नाही. ज्यानं हे जोडलं त्याला पकडून देताना माझी जीभ रेटणार नाही. पण इथे दहा हजार माणसं पेज पिऊन पहारा देतायत, आणि तू त्यांच्या नाकाखालून माल नेलास. आज अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर हो. पुन्हा आत पाय ठेवू नकोस."

मग ते एक्स्चेंजमध्ये आले आणि ओरेलियासमोर खुर्ची ओढून बसले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"आणि दर शनिवारी मला सांगत होता, लाइनी ठीक."

"चालू होत्या त्या ठीकच होत्या," ती म्हणाली, आणि ते बोलतानाच तिला त्यातला पोकळपणा ऐकू आला. "नाही, कॅप्टन. मी लपवलं. त्याचा फोन यायचा सकाळी. फोन यावा असं मला वाटायचं."

कॅप्टनची स्वतःची बायको मुलाकडे कॅलिफोर्नियात होती आणि ते बराकीत एकटे राहत होते. ते म्हणाले, "यादीत तुमचा नंबर बराच वर होता, मिस दुमलाओ. आता तळाशी जाईल. बोर्डावर उद्यापासून सिस्टर बसतील. तुम्ही स्वयंपाकघरात या."

तेवढ्यात फाटकाच्या लाइनीचा दिवा लागला. कॅप्टननी मान हलवली, घ्या म्हणून.

"मनांग, फाटकावरून बोलतोय," सेगुंदो म्हणाला. "पहारेकऱ्यानं दोन मिनिटं दिलीत. ईबाला चाललोय."

"तिला काय सांगशील?"

"विमान उशिरा सुटलं म्हणेन." मग म्हणाला, "नाही. खरं ते सांगेन. तुम्हाला काही झालं का माझ्यापायी?"

कॅप्टन समोर बसले होते. "काही नाही," ओरेलिया म्हणाली. "नीट जा."

पुढे दीड वर्ष ती स्वयंपाकघरात पेज ढवळत होती. या काळात कंपन्या आल्या. पहिल्या कंपनीनं यादीतले सहाशे घेतले, दुसरीनं चारशे, सगळे पंचविशीच्या आतले. टेलिफोनचं काम एका नव्या कंपनीकडे गेलं आणि तिनं असं यंत्र बसवलं की ऑपरेटरची गरजच उरली नाही. जुना बोर्ड उचलून नेला तेव्हा ओरेलिया कांदे चिरत होती. कुणीतरी येऊन सांगितलं, ती बरं म्हणाली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला करमुक्त दुकानात काम मिळालं. चॉकलेटच्या विभागात उभं राहायचं, आठ तास, रोजंदारीवर. त्या रोजात काय काय येतं याचा तिनं पहिल्या दिवशी विचार केला आणि मग सोडून दिला. बाजारात जाऊन बघितलं की कळत होतंच. पगाराचे शुक्रवार आता कारखान्याप्रमाणे वेगवेगळे होते आणि मासळीवाल्या मोठे मासे पुढे मांडतच नव्हत्या.

सेगुंदोची खबर लिगायाकडून आली. नाताळात तिनं कार्ड पाठवलं. पालावानमध्ये वीज सहकारी संस्थेत त्याला खांबाचं काम मिळालं होतं, ती दोघं तिकडेच राहायला गेली होती, घरासमोर समुद्र होता. खाली सेगुंदोनं स्वतः एकच ओळ लिहिली होती, वाकड्या अक्षरात: इथे अजून फोन नाही. ओरेलियाला त्याचं बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं, हे तिनं स्वतःला दोनदा विचारून घेतलं. कार्ड तिनं फेला दाखवायला म्हणून बाजूला ठेवलं, पण फेला सेगुंदो कोण हे पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, म्हणून ते राहिलं.

रोजंदारीत घर चालेना, तेव्हा तिनं वरच्या खोल्या कारखान्यातल्या पोरींना भाड्यानं दिल्या. सहा पोरी, विसायास बेटांवरच्या, तीन पाळ्यांत कामाला जाणाऱ्या. घर भरलं. दोरीवर सहा जणींचे कपडे वाळायला लागले, न्हाणीघरात सहा साबण आले. पोरी चांगल्या होत्या, तिला मनांग म्हणायच्या, गावाहून आल्या की सुके आंबे आणायच्या. पण दोघी कामावर असायच्या, दोघी जाण्याच्या घाईत आणि दोघी झोपलेल्या. दिवसाच्या कुठल्याही वेळी घरात कुणीतरी झोपलेलं असायचं. म्हणून ओरेलिया चपला हातात घेऊन जिना चढायची, भांडी फडक्यावर ठेवायची, रेडिओ कानाशी धरून ऐकायची. दुकानात तिला गिऱ्हाइकांशी दोनच वाक्यं बोलावी लागायची. सुट्टीच्या दिवशी ती दुपारी स्वयंपाकघरात बसून एकटी जेवायची, आणि वरून कुणी पोर डोळे चोळत पाणी प्यायला खाली आली, तर ओरेलिया तिला खुणेनंच विचारायची, भात वाढू का, आणि पोरही खुणेनंच नको म्हणून पुन्हा वर जायची.